आमच्या इमारतीतल्या मांजरांची नसबंदी : नोटिशीपासून टाक्यांपर्यंत

माहीमला आमच्या सोसायटीच्या आवारात सात मांजरं राहतात. सातही जणांची नसबंदी झाली आहे, रेबीजची लस झाली आहे आणि रोज रात्री साडेनऊला पंपरूमच्या मागे त्यांचं जेवण होतं. एवढं जमायला ऑक्टोबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ असा काळ गेला. सुरुवात केली तेव्हा कुठे जायचं, कुणाला विचारायचं, किती पैसे लागतील, सोसायटीशी कसं बोलायचं, हे सलग सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहून काढते आहे.

त्याआधी मांजरांचं सगळं आमचे रात्रपाळीचे वॉचमनदादा बघायचे. गोपी टँक मार्केटमधल्या एक मासेवाल्या मावशी संध्याकाळी उरलेली मांदेली आणि माशांची डोकी त्यांना देऊन ठेवायच्या. दिवाळीच्या तोंडावर दादा कायमचे गावी गेले. निघताना मला म्हणाले, "ताई, कबरी पोटुशी आहे. तेवढं बघाल ना?" मी हो म्हटलं.

वेळ मी पहिल्या दिवसापासून एकच धरली, रात्री साडेनऊ. तोवर मुलं खेळून वर गेलेली असतात, ऑफिसातून येणाऱ्यांची लिफ्टपाशी गर्दी सरलेली असते. खाणं ठेवायचं, वीस मिनिटं तिथेच उभं राहायचं, मग थाळ्या उचलून जागा पुसून घ्यायची. पंधरा दिवसांत मांजरं सव्वानऊलाच येऊन बसायला लागली. या ठरलेल्या वेळेचा पुढे प्रत्येक टप्प्यावर उपयोग झाला: मांजरं मोजायला, आजारी कोण ते ओळखायला, पकडायला आणि शेजाऱ्यांशी बोलायलासुद्धा. तुम्हाला यातली एकच गोष्ट करणं शक्य असेल तर ही करा.

खाण्याचं म्हणाल, तर आपल्याकडे मांजर म्हटलं की वाटीत दूध ओततात. मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दुधातली साखर पचत नाही, त्यांना हगवण लागते आणि ती साफ करायला लागली की इमारतीतली माणसं चिडतात. दूधभातानेही त्यांचं भागत नाही, मांजराला मांसच लागतं. नुसत्या माशांवर ठेवणंही बरं नाही. मी आठवड्यातले चार दिवस कोरडं कॅटफूड देते, एका मांजराला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम. बाकीचे दिवस चिकनवाल्याकडून बिनहाडाचे तुकडे आणि काळीज आणून नुसतं पाण्यात उकडते. मीठ-मसाला नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, त्याने मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेली हाडं टोकदार फुटतात, तीही नकोत. पाण्याचं भांडं मात्र दिवसभर भरलेलं असतं.

एका वहीत प्रत्येक मांजराला एक पान दिलं. फोटो, नर की मादी, कुठे झोपतं, कुणाशी भांडतं. कबरी, तिची आधीच्या वेतातली मुलगी राखी, भुरी आणि शेपूट तुटलेली लांडी या चार माद्या. थोरला पिवळ्या, धाकटा पिवळ्या आणि काळ्या हे तीन बोके. पुढे संस्थेने "किती नर, किती माद्या, कुणी गाभण आहे का" असं विचारलं तेव्हा वही उघडून सांगता आलं.

२ नोव्हेंबरला कबरी मीटरबॉक्सच्या मागे व्याली. चार पिल्लं. डिसेंबरच्या मध्यावर एका रात्री त्यातली दोन खायला आली नाहीत. सकाळी पाहिलं तर पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसली होती. पाण्याला तोंड लावत नव्हती, नुसतीच बसली होती. मग पिवळट उलटी आणि पाण्यासारखी हगवण. डॉक्टरांनी विष्ठेची तपासणी केली आणि पॅनल्यूकोपेनिया सांगितलं. हा विषाणू आतड्यावर आणि पांढऱ्या पेशींवर घाला घालतो, आणि लहान पिल्लांच्या हाती वेळ फार थोडा असतो. सलाइन, इंजेक्शनं, गरम पाण्याच्या पिशव्या, सगळं केलं. तीन पिल्लं गेली. चौथं वाचलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीने ते घरातच ठेवून घेतलं. तपासणी आणि उपचार मिळून साडेसहा हजार रुपये लागले.

या आजाराबद्दल आणि साफसफाईबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. विषाणू जमिनीवर, फडक्यांवर, भांड्यांवर महिनोन्महिने जिवंत राहतो आणि साध्या साबणाने मरत नाही. ब्लीच लागतं, साधारण एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून मग स्वच्छ धुणं. दुसरी गोष्ट फिनाईलची. जिन्यांत आणि पार्किंगमध्ये आपल्याकडे सर्रास फिनाईलचा बोळा फिरतो. मांजराच्या यकृताला ते निकामी करता येत नाही. ओल्या फरशीवरून मांजर चालतं, पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. आमच्या सफाईवाल्या मामांना हे समजावून सांगितल्यावर त्यांनी मागच्या बाजूला फिनाईल वापरणं लगेच बंद केलं. तसंच माणसांची पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका, एक गोळीसुद्धा जीव घेते. कुत्र्यांसाठीची पिसवांची औषधंही लावू नका. त्यांतल्या काहींमध्ये परमेथ्रिन असतं, ते मांजरांना घातक आहे.

पिल्लांना पुरून आल्यावर डॉक्टर म्हणाले, "दर दोन-चार महिन्यांनी हेच बघायचं नसेल तर नसबंदी करून घ्या." मांजराचे दिवस दोन महिन्यांत भरतात. आपल्या हवेत ती जवळजवळ वर्षभर माजावर येऊ शकते, पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. पाच-सहा महिन्यांची पोरही गाभण राहते. हे सगळं त्याच दिवशी नीट कळलं. घरी येऊन प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना फोन लावायला बसले.

मुंबईत नसबंदीचे तीन मार्ग आहेत. खासगी डॉक्टर, जिथे मादीला मला साडेचार हजार आणि नराला अडीच हजार सांगितले. संस्थांची सवलतीतली शस्त्रक्रिया. आणि महापालिका संस्थांना हाताशी धरून राबवते तो कार्यक्रम. परळचं प्राण्यांचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय जुन्या मुंबईकरांना ठाऊक असतं. तिथेही मी चौकशी करून आले. शेवटी घरापासून जवळ पडणाऱ्या एका संस्थेत नाव घातलं. एका मांजरामागे हजार रुपये, त्यात रेबीजची लस आणि शस्त्रक्रियेनंतर तिथेच ठेवण्याचा खर्च धरलेला. पिंजऱ्यासाठी दोन हजार अनामत, पिंजरा परत दिला की परत. प्रतीक्षा सहा आठवड्यांची, एका खेपेला दोनच मांजरं. आधार कार्डाची प्रत, मांजरांचे फोटो आणि "हे पाळीव मांजर नाही, शस्त्रक्रियेनंतर याच जागी सोडीन" असं लिहून द्यावं लागलं. नाव आधी घालून ठेवा, बाकीची तयारी प्रतीक्षेत होते.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली. आवारात मांजरांना खायला घालण्यास सक्त मनाई, पाचशे रुपये दंड. ती वाचताना हात थरथरत होते. पिल्लं जाऊन आठवडाही झाला नव्हता. वर जाऊन कुणाशी तरी भांडावं असं वाटलं. नवरा म्हणाला, "आज नको. लिहून दे." ते फार उपयोगी पडलं.

पत्र लिहिण्याआधी नियम काढून वाचले. केंद्र सरकारचे प्राणी जन्म नियंत्रण नियम मार्च २०२३ मध्ये आले. त्यांतला बहुतेक भाग कुत्र्यांविषयी असला तरी विसावा नियम 'सामुदायिक प्राण्यां'ना खाऊ घालण्याबद्दल आहे. वस्तीत जन्मलेला आणि कुणाचीही मालकी नसलेला, वन्य नसलेला प्राणी तो सामुदायिक प्राणी, म्हणजे आपली मांजरं त्यात येतात. जो खाऊ घालतो त्याला बरोबर घेऊन सोसायटीने त्याची सोय करायची आहे. जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब हवी. वेळ मुलं आणि वयस्कर माणसं कमी असतील अशी हवी. आणि खाऊ घालणाऱ्याने घाण करायची नाही. हा शेवटचा भाग आपल्यावर बंधन घालतो, तो पत्रात आपणच आधी लिहावा.

माझं पत्र एका पानाचं होतं. मांजरांवरचं प्रेम, भूतदया यातलं काही लिहिलं नाही. चार प्रस्ताव मांडले: जागा पंपरूमच्या मागे, वेळ रात्री साडेनऊ ते दहा, साफसफाई मी करणार, सगळ्या मांजरांची नसबंदी आणि लस मी माझ्या खर्चाने करणार, त्यासाठी संस्थेत नाव घातल्याची पावती सोबत. खाली विसाव्या नियमाचा उल्लेख आणि नोटीस मागे घेण्याची विनंती. २ जानेवारीला ऑफिसात दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतली. पोच घेतल्याशिवाय पत्र देऊ नका.

२१ जानेवारीच्या रविवारी कमिटीची सभा झाली. मला बोलावलं होतं. तळमजल्यावरच्या आजी सगळ्यांत आधी बोलल्या. "अगं, तो काळा बोका माझ्या खिडकीवर रोज मुततो. वास जात नाही. तुळशीपाशी बसवत नाही मला." त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. बोके हद्द आखायला फवारा मारतात आणि त्याचा दर्प धुऊनही राहतो. मी म्हटलं, "आजी, नसबंदी झाली की हे बरंचसं थांबतं, पण लगेच नाही, महिना-दीड महिना लागतो. तोवर तुमची खिडकी रोज मी धुऊन देईन." पाचव्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी बाळंतपणाला येणार होती, त्यांना मांजरांपासून होणाऱ्या संसर्गाची भीती होती. हा संसर्ग टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा, तो मांजराच्या विष्ठेतून येतो आणि बाहेर पडल्यावर किमान एक दिवस गेल्याशिवाय लागण करत नाही. त्यामुळे रोजच्या रोज विष्ठा उचलली, मांस पुरतं शिजवलं, भाज्या धुतल्या आणि मातीत हात घालताना मोजे घातले तर धोका फार कमी होतो. त्यांना मी त्यांच्याच डॉक्टरांना विचारायला सांगितलं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तेव्हापासून कंपाउंडच्या कोपऱ्यात मी रेतीचा एक ट्रे भरून ठेवला आहे आणि तो रोज सकाळी साफ करते. मांजरांना मऊ रेती मिळाली की ती पार्किंगमध्ये घाण करत नाहीत.

एकजण म्हणाले, "सगळी पोत्यात भरून मार्केटात सोडून या, विषय संपला." विषय संपत नाही. मांजर जागेला धरून राहतं. उचलून नेलेलं परत यायला निघतं आणि वाटेत गाडीखाली जातं, किंवा परक्या हद्दीत मार खाऊन मरतं. इकडे आसरा आणि खरकटं तसंच राहतं, रिकाम्या जागेत नवी मांजरं येतात, तीही नसबंदी न झालेली. मी एवढंच सांगितलं. सेक्रेटरी काकांनी शेवटी तीन महिने बघू असं ठरवलं आणि नोटीस मागे घेतली. ठराव सभेच्या इतिवृत्तात आला, त्याची प्रत मी मागून घेतली. ती अजून फाइलीत आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पहिली तारीख मिळाली. पिंजरा म्हणजे जाळीचा लांबट खोका, आत शेवटी एक पट्टी. तिच्यावर पाय पडला की दार खाली येतं. तारखेच्या चार दिवस आधी पिंजरा आणला, दार दोरीने उघडं बांधून ठेवलं आणि रोजची थाळी रोज थोडी आत सरकवत नेली. तळाला वर्तमानपत्र अंथरलं, जाळी पायाला लागली की मांजर मागे फिरतं. आदल्या रात्री सगळ्यांना निम्मंच खाणं दिलं. पकडायच्या रात्री आत फक्त भाजलेल्या बोंबलाचा एक तुकडा ठेवला. वास लांब जातो आणि पोट भरत नाही. भूल द्यायची असल्याने मोठ्या मांजराला रात्रीपासून उपाशी ठेवावं लागतं. पाणी चालतं.

राखी आधी गेली आत. दार पडल्याचा आवाज झाला आणि तिने जाळीवर उड्या मारायला सुरुवात केली. अशा वेळी क्षणही न घालवता पिंजऱ्यावर जाड चादर टाका. अंधार झाला की ती शांत होतात. दुसऱ्या पिंजऱ्यात धाकटा पिवळ्या सापडला. दोघांनाही रात्री पंपरूममध्ये ठेवलं आणि सकाळी टॅक्सीने नेलं. खाली प्लास्टिक घालायला विसरू नका, ती घाबरून मुततात. टॅक्सीवाल्यालाही आधीच सांगा, बहुतेकजण तयार होतात.

पिवळ्या दुसऱ्या दिवशी परत आला. राखीला चार दिवस ठेवून घेतलं. टाक्यांवर लक्ष ठेवता यावं म्हणून बाहेरच्या मादीला संस्था तेवढे दिवस ठेवून घेते. "लगेच घेऊन जा" म्हणणाऱ्या ठिकाणी देऊ नका. टाके विरघळणारे होते. भुलीत असतानाच कानाचं टोक सरळ छाटलेलं असतं. बघताना काळजात चर्र होतं, पण ती खूण लांबून दिसते आणि त्याच मांजराला पुन्हा पकडून पुन्हा पोट उघडण्याची वेळ येत नाही. दोघांना त्यांच्याच जागी, पंपरूमच्या मागे सोडलं.

पुढच्या खेपेला लांडी आणि थोरला पिवळ्या, मग भुरी. भुरीच्या वेळी पिंजऱ्याचं दार लावताना जाळीतून तिचा पंजा माझ्या मनगटावर बसला. रक्त आलं. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलं आणि सकाळी महापालिकेच्या रुग्णालयात गेले. रेबीजची इंजेक्शनं मोफत मिळाली. एक त्याच दिवशी, मग तिथून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. रक्त आलेल्या जखमेत रेबीजविरोधी सीरम, म्हणजे तयार प्रतिपिंडंही टोचतात, ते दुखतं. ओळखीचं मांजर आहे, रोज खातं, म्हणून सोडून देऊ नका. रेबीज एकदा उमटला की त्यावर इलाज नाही. नियमित मांजरं हाताळणार असाल तर आधीच लस घेता येते, डॉक्टरांना विचारा.

कबरी मात्र पिंजऱ्याकडे फिरकेना. तिने बाकीच्यांना अडकताना पाहिलं होतं. शेवटी पिंजरा आडोशाला, तिच्या मीटरबॉक्सपाशी नेला आणि पट्टी काढून दाराला दोरी बांधली, मी लांब बसून ओढली. २६ फेब्रुवारीला ती सापडली. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांचा फोन आला. "ही गाभण आहे. तीन-साडेतीन आठवडे असतील. काय करू?"

अर्जावर तशी ओळ असते, गाभण असल्यास शस्त्रक्रिया करण्यास संमती. मी सही केली होती. तरी फोनवर मला बोलता येईना. डॉक्टरांनी घाई केली नाही. म्हणाल्या, "ताई, सोडली तर सव्वा-दीड महिन्यात विणार. विषाणू तुमच्या आवारात आहेच. आणि तिची तब्येत बघा, हाडं लागतात हाताला." डिसेंबरमधली तीन पिल्लं डोळ्यांसमोर होती. मी हो म्हटलं आणि मग बराच वेळ रडले. तो निर्णय योग्य होता असं मला आजही वाटतं, आणि तो सोपा नव्हता हेही तितकंच खरं. तुमच्यावर ही वेळ येऊ शकते. सही करण्याआधी घरात बोलून ठेवा, फोन आला की विचार करायला फार वेळ नसतो.

कबरी पाच दिवसांनी आली. आल्या आल्या मीटरबॉक्सच्या मागे गेली आणि दोन दिवस बाहेर आली नाही. तिसऱ्या रात्री साडेनऊला थाळीवर हजर. पुढच्या तीन महिन्यांत तिचं अंग भरलं, केस चकाकायला लागले.

काळ्या राहिला तो थेट पावसाळ्यापर्यंत. तो आमच्या आणि शेजारच्या दोन इमारतींत फिरायचा, जेवायला कधी यायचा, कधी नाही. शेजारच्या इमारतीतही एक काकू त्याला खायला घालतात हे कळल्यावर आम्ही दोघींनी वेळ जुळवून घेतली, त्यांनी आठवडाभर साडेनऊच्या आत काही द्यायचं नाही असं ठरलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो पिंजऱ्यात आला. गणपतीनंतर आजींनी स्वतःहून सांगितलं की खिडकीचा वास गेला. रात्रीची बोक्यांची रडारडही थांबली. तीन महिन्यांनंतर खाणं बंद करा असं कमिटीतलं कुणी म्हटलंच नाही.

खर्चाचा हिशेब असा. सात शस्त्रक्रियांचे सात हजार. टॅक्सी, वर्तमानपत्रं, चादरी मिळून अडीच हजारांच्या आसपास. पॅनल्यूकोपेनियासह तीन आजारांवरची तिहेरी लस संस्थेच्या पैशांत येत नाही, पण पॅनल्यूकोपेनिया बघितल्यावर ती टाळायची माझी तयारी नव्हती. ती खासगी डॉक्टरांकडून शस्त्रक्रियेनंतर संस्थेतच देऊन घेतली, एका मांजरामागे आठशे. खाण्याचे महिन्याला तीन-साडेतीन हजार. त्यातले हजार आता तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यावरून येतात. पाचव्या मजल्यावरच्या काकूंनीच पहिल्यांदा पाकीट दिलं.

मी बाहेरगावी असले की तिसऱ्या मजल्यावरची मुलगी जेवण घालते. वही तिच्याकडेच असते. पावसाळ्यात मांजरं गाडीच्या इंजिनाच्या उबेला शिरतात, म्हणून पार्किंगच्या खांबावर "गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा" असा कागद चिकटवला आहे. आणि या महिन्यात एक नवा बोका यायला लागला आहे, पांढऱ्या पायांचा, कान अजून अखंड. संस्थेने त्याच्यासाठी पुढच्या महिन्यातली तारीख दिली आहे. पिंजऱ्याची अनामत भरून झाली आहे, आणि रोजची थाळी आतापासूनच त्या कोपऱ्याकडे सरकवते आहे.